सीटमागची टाकी

१९४९ ते १९७२ च्या शेवरलेट पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत असते. सीटच्या पाठीमागं, मागच्या पत्र्याला टेकून, उभी. तिचं तोंड दाराच्या मागं पत्र्यातून बाहेर काढलेलं असतं, त्यामुळं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की टाकी खाली कुठंतरी असेल. सीट काढल्याशिवाय ती दिसत नाही. साठ लिटरच्या वर पेट्रोल आणि माणसाची पाठ यांच्यामध्ये स्प्रिंगा, काथ्या आणि रेक्झिन एवढंच असतं.

हे ज्यांनी केलं त्यांचा हिशोब मला समजतो. त्याआधीच्या मॉडेलला टाकी हौद्याखाली होती. रस्ते कच्चे, चिखल आणि दगड खालून मारा करणार, टाकी गंजणार. केबिनमध्ये उभी केली तर ती कोरडी राहते, हौद्याखालची जागा मोकळी होते आणि पेट्रोल उंचावर असल्यामुळं इंजिनच्या पंपाला ओढावं लागत नाही. शेतावर आणि कच्च्या वाटांवर चालणाऱ्या गाडीसाठी हा विचार सरळ होता. धडक बसली तर काय, हा प्रश्न त्या काळात गाड्या बनवणारे फारसा विचारत नव्हते.

आमची गाडी १९५२ ची. जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि तिथं गाड्या जुळवल्या जायच्या. नुसती जुळवणी नको, गाडी इथं बनवा, असं सरकारचं धोरण ठरल्यावर १९५४ मध्ये ते काम बंद झालं. निपाणीला आजोबांची तंबाखूची वखार होती, तिच्यासाठी ही गाडी घेतलेली. केबिन आणि चासी कंपनीची, हौदा इथल्या सुताराच्या हातचा, सागवानी. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता, म्हणून पहिली नंबरप्लेट मुंबई राज्याची. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. गाडी जिथं होती तिथंच राहिली, वरचं राज्य बदलत गेलं. आता आमचं आरटीओ चिकोडीचं, के.ए. २३. घरात मराठी, अर्ज कन्नडमध्ये, आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये दोन्ही.

माझ्या लहानपणी ही गाडी खेड्यापाड्यातून तंबाखूचे बोद भरून वखारीत आणायची. केबिनमध्ये दोन वास असायचे, जर्द्याचा आणि पेट्रोलचा. ड्रायव्हर मामांच्या ओठात बिडी असायची. निपाणीत बिडी नसलेला माणूस शोधावा लागे. पुढं वखार बंद झाली, गाडी चिकोडीच्या घराच्या मागच्या पडवीत आली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती कधी मोडीत दिली नाही. पंधरवड्यातून एकदा इंजिन चालू करायचं, टायरमध्ये हवा बघायची, हा त्यांचा नेम.

टाकी हलवायची वेळ आणली ती वासानं. दोनेक वर्षांपूर्वी सीटवर बसलं की डोळे चुरचुरायला लागले. नातीला मागच्या रस्त्यानं फिरवून आणलं तर तिला उलट्या झाल्या. सीट काढून बघितलं. टाकी आणि बाहेरचं तोंड यांना जोडणारा रबराचा जाड तुकडा असतो. तो कडक होऊन त्याला भेगा गेल्या होत्या. भेगेत नखाची कड सहज जात होती. पंपावर टाकी भरली की थोडं पेट्रोल त्या भेगांतून टाकीच्या पाठीवरून खाली उतरायचं आणि केबिनच्या तळाला घातलेल्या जाजमात मुरायचं. जाजम हातात घेतलं तर त्याचा ओला कोपरा गार लागला.

हायस्कूलला तीस वर्षं विज्ञान शिकवलं असल्यामुळं मला ते जाजम नुसतं घाण वाटलं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीनं जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते आणि तळाशी साचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं की एक ठिणगी पुरते. या गाडीत स्टार्टर पायानं दाबायचा असतो, आणि त्याची तांब्याची जोडणी ठिणग्या टाकतच चालते.

रबर असं अचानक का गेलं, त्याचं कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आहे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल टप्प्याटप्प्यानं सगळीकडं आलं. जुन्या गाड्यांचं रबर, डायफ्रॅम, बुचं ही साध्या पेट्रोलसाठी बनवलेली. इथेनॉल त्यांना फुगवतं, मऊ करतं, मग भेगा पाडतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. जुन्या टाक्यांच्या पत्र्याला आतून शिसं आणि कथलाचा मुलामा असतो, तो या ओलीनं सुटत जातो आणि खालचं लोखंड गंजतं. आमच्या आजूबाजूला चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी असे साखर कारखाने आहेत; उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं याचं इथल्या शेतकऱ्याइतकं मोल कुणाला नसेल, आणि मीही उसाच्याच घरातला. पण सत्तर वर्षांच्या गाडीला त्याची सोय करून द्यावी लागते, ती आपोआप होत नाही.

नवा रबराचा तुकडा बसवला असता तर वास गेला असता. मिस्त्रीमामा तेच म्हणाले. चिकोडीत निपाणी रोडला त्यांची शेड आहे, वय सत्तरीच्या पुढं, जीपपासून मॅटाडोरपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. मला मात्र नातीला ज्या सीटवर बसवायचं तिच्या मागं ती टाकी नको होती. अण्णांना हे पटलं नाही.

“माझ्या बापानं ह्याच सीटवर बसून तीस वर्सं काढली. कुठं काय झालं?”

“झालं नाही, अण्णा. पण तेव्हा रस्त्यावर एवढी गर्दी तरी कुठं होती? आता हायवेला कंटेनर मागनं येत्यात.”

“मग हायवेला जाऊ नको.”

हे बोलणं बरेच दिवस चाललं. अण्णांचा खरा आक्षेप वेगळा होता. त्यांना गाडी कापलेली नको होती. वखार गेली, तंबाखूचा धंदा गेला, त्या सगळ्यातलं हे एकच जसंच्या तसं उरलेलं. त्यांच्या या म्हणण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी ते अट म्हणून घेतलं: चासीला नवं भोक पाडायचं नाही, वेल्डिंग लावायचं नाही, केबिनचा पत्रा कापायचा नाही. उद्या कुणी पाने घेऊन बसला तर एका दिवसात सगळं होतं तसं करता आलं पाहिजे.

ही अट कायद्याच्या बाजूनंही कामाची निघाली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, आता धंद्यासाठी वापरात नसलेली, खासगी वापराची गाडी मूळ रूपात असेल तर ती विंटेज धरतात. नव्यानं नोंदणी करायची तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. मूळ रूप म्हणजे काय, तर चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार केलेला नसावा. टाकीचं नाव त्यात नाही. चासीला आणि बॉडीला हात न लावता टाकी नुसती बोल्टनं बसवली तर मूळ रूपाला बाध येत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. कुणी हे काम काढलं तर आधी आपल्या आरटीओत जाऊन तोंडी का होईना विचारून यावं. मी गेलो होतो. माझं म्हणणं ऐकून तिथल्या साहेबांनी फोटो काढून ठेवा, आधीचे आणि नंतरचे, एवढंच सांगितलं. चांगला सल्ला होता.

टाकी काढायची हे ठरलं, तरी न्यायची कुठं? मला सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नानं घेतला, आणि तो तितका घ्यावा असंच माझं मत आहे. आमच्या मिस्त्रींचा पहिला विचार सरळ: ट्रकला असती तशी चासीच्या बाहेर, बाजूला. ट्रकला ते चालतं, कारण त्यात डिझेल असतं. डिझेल तापवल्याशिवाय त्याची वाफ पेटत नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांलाही पेट घेते.

बाजूच्या टाकीचं काय होतं ते अमेरिकेत दिसून आलेलं आहे. जनरल मोटर्सनं पिकअपची टाकी केबिनमध्ये ठेवायची पद्धत १९७२ पर्यंत चालवली. १९७३ ला ती बाहेर काढली, पण चासीच्या बाहेरच्या अंगाला, पत्र्याच्या आत लटकवली. १९८७ पर्यंत तशाच गाड्या निघाल्या. बाजूनं धडक बसली की टाकी चासी आणि धडकणारी गाडी यांच्यात चेचली जायची. माणसं होरपळून मेली, वर्षानुवर्षं खटले चालले, आणि १९९४ च्या शेवटी सरकारशी तडजोड करून कंपनीनं रस्ता सुरक्षेच्या कामांसाठी ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम द्यायचं कबूल केलं. दुसरा दाखला फोर्डच्या पिंटो या लहान मोटारीचा. तिची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागं, बंपरच्या अगदी जवळ होती. मागून धडक बसली की टाकी पुढं सरकून डिफरन्शियलच्या बोल्टांवर आपटायची. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. टाकी केबिनबाहेर नेली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यानं या दोन गोष्टी वाचाव्यात. धोका फक्त जागा बदलतो.

शेडमध्ये खाटेवर बसून मी हे मिस्त्रीमामांना सांगितलं. ते बराच वेळ गाडीखाली बघत राहिले.

“मग स्टेपनीची जागा घ्या की, मास्तर. दोन्ही बाजूला चासी, मागं आडवा, फुडं डिफ्रन्सल. डिफ्रन्सलापासनं चार बोटं लांब ठेवू.”

“चार नको मामा, वीतभर ठेवू. पाटे दबले की ॲक्सल वर येतंय.”

“मग आधी दाबून बघू.”

या गाडीची स्टेपनी मागच्या ॲक्सलच्या मागं, हौद्याखाली आडवी टांगलेली असते. ती तिथून काढून हौद्याच्या बाजूला उभी बसवली. त्या काळी कंपनीही तशी स्टेपनी जादा पैसे घेऊन बसवून द्यायची, त्यामुळं अण्णांनाही खटकलं नाही. रिकाम्या झालेल्या जागेत चासीला स्टेपनीच्या घोडीची भोकं आयती होती. नवं भोक पाडायची गरज उरली नाही.

जागा मोजायला फ्रिजचं खोकं आणलं. पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून टाकीच्या मापाची पेटी केली आणि सुतळीनं चासीला बांधली. मग हौद्यात सिमेंटच्या गोण्या रचल्या. पाटे दबत गेले तसं डिफरन्शियलचं कव्हर वर येत गेलं. शेवटी पुठ्ठ्याचा पुढचा कोपरा चेपला. तो कोपरा तिरका छाटला, पुन्हा गोण्या, पुन्हा माप. असं करत करत पेटीचा आकार ठरला: मागून सपाट, पुढून खालच्या बाजूला उतरती, आणि मागच्या आडव्याच्या, म्हणजे चासीच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या दांड्याच्या, पुढं चांगली मोकळी जागा. मागून कोणी ठोकलं तर आधी आडवा वाकला पाहिजे, टाकीपर्यंत पोचायच्या आत. कंपनीच्या टाकीइतकं पेट्रोल त्यात मावत नव्हतं. चाळीस लिटर बसत होतं. रॅलीला नाहीतर गावात फिरणाऱ्या गाडीला ते पुष्कळ.

आता जुनी टाकी उतरवायची. हे काम शेडमध्ये करायचं नाही, हे मिस्त्रींनीच सांगितलं. शेडमध्ये वेल्डिंग चालतं, पलीकडं चहाचा स्टोव्ह. गाडी ढकलत मोकळ्या पटांगणात नेली, बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, हातपंपानं पेट्रोल कॅनमध्ये काढलं. सीट, सीटची पाठ, पट्टे, आणि मग टाकी. दोन माणसांनी दारातून तिरकी करून बाहेर काढली. तळाशी तपकिरी चिखल होता, वार्निशसारखा वास येणारा.

“भरल्याली टाकी पेटती मास्तर, रिकामी फुटती,” मिस्त्रीमामा म्हणाले. त्यांच्या तरुणपणी संकेश्वरच्या एका गॅरेजमध्ये रिकामी म्हणून टाकीला गॅसची ज्योत लावली होती, त्यात त्यांच्या जोडीदाराचा हात गेला. मी शाळेत हेच आकड्यांनी शिकवत होतो: वाफेचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या वर असेल तर मिश्रण पेटत नाही, हवा कमी पडते. टाकीत पेट्रोल असतं तोवर वरच्या पोकळीत वाफ दाट असते. टाकी रिकामी करून उघडी ठेवली की हवा आत शिरते आणि मिश्रण बरोबर पेटायच्या बेताला येतं. पाण्यानं विसळलं तरी सांध्यातलं पेट्रोल दिवसेंदिवस वाफ देत राहतं. म्हणून जुन्या टाकीला वेल्डिंग लावायचा विचारच आम्ही केला नाही. ती गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुतली, उन्हात वाळवली, आत तेलाचा हात फिरवला, तोंडं बंद केली आणि माळ्यावर ठेवली. तिच्यावर अण्णांनी खडूनं गाडीचा नंबर लिहिला.

नवी टाकी कोल्हापुरात झाली. उद्यमनगरात गेलं की या भागातल्या माणसाला मोकळं वाटतं. काय पाहिजे ते सांगायचं, कुणीतरी करून देणारा भेटतोच. मला हवा होता स्टेनलेस स्टीलचं पातळ काम करणारा. तो सापडला दूध थंड करायच्या टाक्या बनवणाऱ्याच्या कारखान्यात. दुधाच्या टाकीत आतला सांधा गुळगुळीत लागतो, नाहीतर तिथं घाण साचते. म्हणून या लोकांचा आर्गॉन वेल्डिंगचा हात फार स्वच्छ असतो. ३०४ ग्रेडचा पत्रा, दोन मिलीमीटर. इथेनॉलचं त्याच्यापुढं काही चालत नाही. आत दोन आडवे पडदे घातले, खाली कोपऱ्याला वाट ठेवून, म्हणजे वळणावर पेट्रोल एकदम एका अंगाला जाणार नाही. पुठ्ठ्याची पेटी मी सोबत नेली होती. तिथल्या पोरानं ती उलटीपालटी करून बघितली आणि कागदावर एक रेघ न काढता पत्र्यावर मार्किंग केलं.

गळती बघायची पद्धतही तिथंच बघायला मिळाली. सगळी तोंडं बंद करून एका नळीला सायकलचा पंप लावला आणि हळू हवा भरली. जास्त नाही, कारण सपाट पत्रा लगेच फुगतो. मग साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक सांध्यावरून फिरवलं. एका कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा उठत होता, फुटत होता, परत उठत होता. तिथं पुन्हा आर्गॉनचा ठिपका दिला. डोळ्यांना तो सांधा आधीही पक्काच दिसत होता.

बसवताना स्टेनलेसचा एक दोष सांभाळावा लागतो. पत्रा ताठ आवळला आणि गाडी हादरत राहिली तर सांध्यापाशी चीर जाते. म्हणून टाकी पट्ट्यांवर टांगली आणि प्रत्येक ठिकाणी मध्ये रबर दिलं. रबरामुळं दुसरीच अडचण उभी राहिली: टाकीला चासीची अर्थिंग मिळेना. पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या फ्लोटला अर्थिंग लागते, आणि पंपावर पेट्रोल भरताना टाकीत साठणारी स्थिर वीज जायलाही वाट लागते. टाकीपासून चासीपर्यंत जाड वेणीची तार स्वतंत्र टाकली. लोक ही तार विसरतात, म्हणून मुद्दाम लिहितो.

फ्लोट जुनाच वापरला. या गाडीचा काटा शून्य ते तीस ओहमवर चालतो, दुसऱ्या गाडीचा फ्लोट लावला तर तो भलतंच दाखवतो. पण जुनी टाकी उंच होती आणि नवी चपटी, म्हणून फ्लोटची लांब दांडी आखूड करून पुन्हा वाकवावी लागली. बादलीत पाणी ओतत, दांडी हलवत, ओहम मोजत मी आणि नात एक अख्खी दुपार बसलो होतो. पेट्रोल भरायचं तोंड हौद्याच्या तळात घेतलं. सागवानी फळ्यांपैकी मागची एक फळी अण्णांनी जपून काढली, तिच्या जागी नवी फळी घातली आणि भोक त्या नव्या फळीत पाडलं. जुनी फळी माळ्यावर, टाकीच्या शेजारी. तोंडाभोवती उथळ कठडा केला आणि त्याच्या तळाला नळी लावून खाली सोडली, म्हणजे सांडलेलं लाकडात मुरणार नाही. केबिनच्या पत्र्यातलं जुनं तोंड आणि त्याचं झाकण जागच्या जागी आहे, आतून बंद केलेलं.

पाइप चासीच्या आतल्या अंगानं, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूनं नेला. हात-हातभर अंतरावर चिमटे, जिथं हलणार तिथं इथेनॉल सोसणारं नवं रबर. आणि मग प्रश्न आला एसी पंपाचा.

इंजिनवरचा डायफ्रॅमचा पंप, ज्याला आपल्याकडं सगळे एसी पंप म्हणतात, तो आजवर उंचावरची टाकी असल्यामुळं आयत्या पेट्रोलावर जगत होता. आता त्याला खालून आणि मागून ओढायचं होतं. आधी तो एकटा किती करतो ते बघू, असं मिस्त्री म्हणाले. थंडीत त्यानं चांगलं ओढलं. खरी परीक्षा एप्रिलमध्ये घ्यायची ठरवली, दुपारी, तवंदी घाटात.

निपाणीहून संकेश्वरकडं जाताना स्तवनिधीच्या पुढं हायवे चढाला लागतो. लांबलचक ट्रक खालच्या गिअरमध्ये कण्हत वर जात असतात. अर्ध्या चढावर आमच्या गाडीनं दोन-तीन झटके दिले आणि बंद पडली. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल नाही. पंप हाताला चटका देत होता. ओढणीच्या बाजूला पाइपमधला दाब कमी असतो, दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं, आणि पंप वाफ ओढत बसतो. वाफेला ओढून पेट्रोल येत नाही. मिस्त्रीमामांनी गळ्यातला टॉवेल पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला, आम्ही सावलीत बसलो. मागून येणारा एक ट्रॅक्टरवाला थांबला, कन्नडमध्ये काय झालं विचारलं, पाण्याचा कॅन देऊन गेला. टॉवेल गार झाला तसा पंप गार झाला, आणि गाडी चालू झाली.

त्यावर इलाज म्हणजे टाकीजवळ विजेचा पंप, ओढणारा नसून ढकलणारा. ही गाडी सहा व्होल्टची, आणि सहा व्होल्टचा पंप सहजासहजी मिळत नाही. मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअरच्या बाजारात खटपट केल्यावर मिळाला. त्याचा दाब बघून घ्यावा लागतो. या इंजिनाच्या कार्बोरेटरला चार पौंडांच्या आसपास दाब पुरतो. जास्त झाला तर सुई पेट्रोल अडवू शकत नाही आणि ते बाहेर सांडतं. विजेचा पंप लावला की आणखी एक जबाबदारी येते. एसी पंप इंजिन थांबलं की थांबतो. विजेचा पंप अपघातात गाडी उलटी झाली तरी फुटक्या पाइपमधून पेट्रोल ओतत राहू शकतो. म्हणून त्याच्या तारेत दोन अडसर घातले: इंजिनच्या ऑइलचा दाब गेला की वीज तोडणारा एक, आणि धडक बसताच वीज तोडणारा दुसरा, भंगारातल्या फोर्ड गाडीचा. मिस्त्रींना हे दोन्ही नवीन होतं. त्यांनी धडकेची ती डबी हातानं आपटून आपटून ती खरंच वीज तोडते का बघितलं, आणि मग बसवू दिली.

मेच्या उन्हात पुन्हा तवंदी चढलो. या खेपेला अण्णा सोबत होते, खिडकीशी, मांडीवर नात. वर पोचल्यावर अण्णांनी मागं हात घालून सीटच्या मागचा मोकळा पत्रा वाजवून बघितला आणि म्हणाले, “आवाज लई येतोय इथं. नमदा लाव जाड.” लावला आहे. त्या जागेत आता जॅक, हत्यारं आणि पावडरचा दोन किलोचा अग्निशामक आहे, ड्रायव्हरच्या हाताला येईल असा.

मध्यंतरी गडहिंग्लजच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडं अशीच गाडी आहे, आमच्याहून एक वर्ष धाकटी, आणि तिच्या केबिनमध्ये वास येतो. टाकीचा आकार द्या, आम्ही पत्रा कापायला टाकतो, असं ते म्हणत होते. आमचं माप त्यांना दिलं नाही. त्यांच्या पाट्यांमध्ये एक पान जास्त घातलेलं आहे, म्हणजे ॲक्सल किती वर येतो ते वेगळं असणार. पुठ्ठा, सुतळी आणि सिमेंटच्या गोण्या घेऊन आधी मोजा, असं सांगितलं. पुढच्या रविवारी मिस्त्रीमामांना घेऊन मी तिकडं जाणार आहे. तोवर त्यांनी गाडीत विडी-सिगारेट ओढू नये आणि ओलं झालेलं जाजम काढून बाहेर टाकावं.